दुपारी वीज स्वस्त, गाड्या मात्र उन्हात उभ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘पेट्रोल, हायब्रीड की इलेक्ट्रिक’ हा लेख आला. लेखकाने सांगितलं की इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला एका रुपयात पळते, रात्री झोपताना प्लग लावा आणि सकाळी निघा. त्यावर बुधवारी एका वाचकाचं पत्र आलं: विजेची गाडी म्हणजे कोळशावरची गाडी, पर्यावरणाच्या नावाने चाललेलं ढोंग. दोघंही ठामपणे बोलले आहेत आणि दोघांनीही एक गोष्ट वगळली आहे. गाडी चार्ज होते ती घड्याळात किती वाजता, हे कुणीच विचारलेलं नाही. माझं सगळं म्हणणं त्याबद्दलच आहे.

मी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात पाळीत नोकरी करून निवृत्त झालो. त्यामुळे या वादातला कोळसा माझ्या चांगल्याच ओळखीचा आहे. २१० मेगावॉटचे तीन संच, एकूण ६३० मेगावॉट. आपल्याकडच्या राखाळ कोळशात एक युनिट वीज काढायला साधारण सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. आता विजेची गाडी नाशिकहून पुण्याला न्या. अंतर २१० किलोमीटर. एसी लावून, माणसासारखी चालवली तर मधल्या आकाराची गाडी एका युनिटमागे सातेक किलोमीटर देते. म्हणजे तीस युनिट झाले, चार्जरमध्ये जाणारं नुकसान धरून तेहतीस. ही सगळी वीज कोळशाचीच असेल तर पुणं गाठेपर्यंत तेवीस किलो कोळसा जळाला आणि बत्तीस किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. तारांमधली गळती वेगळीच.

पेट्रोलची तेवढीच गाडी लिटरला पंधरा देत असेल तर तिला चौदा लिटर लागतील. एक लिटर पेट्रोल जळालं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. चौदा लिटरचे झाले बत्तीस किलो. म्हणजे बुधवारच्या पत्रलेखकाचा मुद्दा हवेतला नाही. शंभर टक्के कोळशाच्या विजेवर विजेची गाडी आणि पेट्रोलची गाडी धुराच्या बाबतीत जवळपास सारख्याच. पेट्रोलच्या पारड्यात अजून रिफायनरीची ऊर्जा आणि पानेवाडीच्या डेपोतून निघणाऱ्या टँकरांचं डिझेल टाकायचं राहिलंय, पण तेवढ्याने चित्र फार पालटत नाही.

पण वीज शंभर टक्के कोळशाची नसते, आणि पत्रलेखक चुकले ते इथे. देशातल्या सगळ्या विजेची सरासरी काढली तर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, कारण त्यात पाणी, वारा, सूर्य, अणू सगळं मिसळलेलं आहे. त्या हिशेबाने पुण्याची फेरी तेवीस किलोत होते. आणि खरी गंमत पुढे आहे. ही सरासरी चोवीस तासांची. दुपारी एकची वीज आणि संध्याकाळी साडेसातची वीज यांत जमीन-अस्मानाचा फरक पडलाय.

आमच्या वेळी रात्री दोन-अडीचला कळव्याच्या लोड डिस्पॅचचा (राज्यभरच्या विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या केंद्राचा) फोन यायचा, ‘लोड उतरवा.’ लोक झोपलेले, कारखाने अर्धे बंद, वीज घ्यायला कुणी नाही. संच बंद करता येत नाही, बॉयलर थंड झाला की पुन्हा उभा करायला तास न् तास आणि तेल जातं. मग कमी लोडवर रखडत ठेवायचा. रात्री वीज वापरणाऱ्यांना म्हणूनच सवलत असायची. ‘रात्री चार्ज करा’ हा सल्ला त्या काळातला आहे. आता माझ्या हाताखाली शिकलेली मुलं सांगतात, तो फोन दुपारी बारा-एकला येतो. सौर वीज इतकी येते की औष्णिक संच २१० वरून ११५-१२० वर आणावे लागतात आणि सूर्य कलला की सहा वाजल्यापासून तेच संच पुन्हा वर चढवायचे. रोजची ही चढउतार बॉयलरच्या नळ्यांना मानवत नाही, पण तो विषय निराळा.

आता बघा, नोकरदार माणूस सात वाजता घरी येतो, गाडी लावतो आणि प्लग खोचतो. नेमक्या त्याच वेळी एसी, मिक्सर, टीव्ही, गल्लीतले दिवे सगळे चालू झालेले असतात. ती वीज बहुतांशी कोळशाचीच. सबंध दिवस जेव्हा छपरावर ऊन तापत होतं तेव्हा हीच गाडी अंबडच्या एखाद्या कंपनीच्या पार्किंगमध्ये, नाहीतर गंगापूर रोडच्या कॉलेजसमोर रिकामी उभी होती. आठ तास. एकाही माणसाने तिला वायर लावली नाही, कारण लावायला काही नव्हतंच.

दर ठरवणाऱ्यांना हे कळलेलं आहे. टीओडी मीटर, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार दर लावणारा मीटर, असलेल्या घरगुती ग्राहकाला २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत युनिटमागे ऐंशी पैशांच्या आसपास सवलत आहे. उद्योगांची जुनी रात्रीची सवलत गेली ती याच कारणाने, आणि सातपूर-अंबडच्या कारखानदारांनी त्यावरून आरडाओरडा केला. दर बदलले, सल्ले मात्र तेच राहिले.

आता त्या एका रुपयाकडे येतो. लेखकाने कुठला दर धरला मला कळत नाही. महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढतं. पहिले शंभर युनिट स्वस्त, शंभर ते तीनशे महाग, तीनशेच्या पुढे आणखी महाग. गाडीची वीज ही त्या स्वस्त शंभरात बसत नाही, ती घरातल्या फ्रिज-पंख्याने आधीच खाल्लेली असते. गाडीची सगळी युनिटं वरच्या टप्प्यातून जातात. माझ्या बिलावर वहन आकार, शुल्क सगळं धरून मधल्या टप्प्यातलं युनिट बारा-तेरा रुपयांच्या घरात पडतं, तीनशेच्या वर पंधराच्याही पुढे. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला नुकसान धरून दीडशे ते एकशे पासष्ट युनिट लागतात. म्हणजे दोन हजार ते बावीसशे रुपये. किलोमीटरला दोन-सव्वादोन रुपये झाले, एक नव्हे.

तरी पेट्रोलच्या तुलनेत हे स्वस्तच आहे. तेवढ्याच अंतराला सदुसष्ट लिटर पेट्रोल, शंभरी कधीच ओलांडलेल्या भावाने सात हजार रुपये. हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर असलेली गाडी, लिटरला खरोखर बावीस देत असेल तर पंचेचाळीस लिटर, पावणेपाच हजार. चांगली गोष्ट सांगायला फुगवलेला आकडा कशाला हवा? बाहेर फास्ट चार्जरवर मात्र युनिट अठरा ते पंचवीस रुपयांत पडतं, त्यातच अठरा टक्के जीएसटी आला. पुण्याच्या त्या तेहतीस युनिटांना घरी चारशे लागतात, रस्त्यावर सहाशे ते आठशे. हायब्रीडला त्याच फेरीला हजाराच्या आत पेट्रोल. म्हणजे ज्याला घरी किंवा कामाच्या जागी चार्जिंग नाही आणि जो सगळं फास्ट चार्जरवरच भरणार, त्याचा फायदा हायब्रीडच्या तुलनेत बराचसा विरघळून जातो. वर रांगेत थांबा.

हायब्रीडबद्दल आपल्या लेखात चारच ओळी होत्या. ती उपेक्षा बरी नाही. आधी एक सांगतो: बाजारात ‘स्मार्ट हायब्रीड’ असं लिहून विकल्या गेलेल्या बऱ्याच गाड्यांमध्ये मोटर फक्त इंजिनाला हात देते, गाडी नुसत्या विजेवर इंचभरही जात नाही. ते हायब्रीड मी धरत नाही. खरं, म्हणजे ‘स्ट्राँग’ हायब्रीड म्हणजे ग्रँड विटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस, होंडा सिटीचं ते मॉडेल. २०२२ साली ही सगळी आपल्याकडे आली. टोयोटाने जपानमध्ये प्रियस १९९७ सालीच रस्त्यावर आणली होती. म्हणजे हे तंत्र पाव शतकाहून जास्त काळ रगडून झालेलं आहे. द्वारका चौकात अर्धा तास अडकलात तर साधं पेट्रोल इंजिन अर्धा तास पेट्रोल पितं. हायब्रीडचं इंजिन बंद पडून राहतं, दोन-दोन गाड्यांइतकं पुढे सरकायचं काम मोटर करते. शहरात तिचा ॲव्हरेज महामार्गापेक्षा चांगला येतो, हे पेट्रोलवाल्याला ऐकायला विचित्र वाटतं. ग्रँड विटाराचा छापील दावा लिटरला २७.९७ चा आहे. तो सोडा, बावीस मिळाले तरी पुण्याची फेरी साडेनऊ लिटरमध्ये, म्हणजे बावीस किलो कार्बन डायऑक्साइडमध्ये होते.

आता वरचा आकडा आठवा. देशाच्या सरासरी विजेवर विजेची गाडी तेवीस किलो. हायब्रीड बावीस. उन्नीस-बीसचाही फरक नाही. कराचं बघा: विजेच्या गाडीला जीएसटी ५ टक्के. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांत आल्या, पण ग्रँड विटारासारखी मोठी हायब्रीड ४० टक्क्यांत. वर आपल्या राज्याचा रस्ता कर पेट्रोल गाडीला ११ ते १३ टक्के, विजेच्या गाडीला माफ. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीडचा नोंदणी कर माफ केला होता, आपण तसं काही केलं नाही. धूर सारखा आणि कर आठपट, हे माझ्या हिशेबी बुद्धीला पटत नाही.

तरीही मी विजेच्या गाडीच्याच बाजूला झुकतो. आजची हायब्रीड पंधरा वर्षांनीही लिटरमागे २.३ किलोच सोडणार. विजेच्या गाडीचा धूर मात्र जसजशी वीज बदलेल तसतसा मालकाने काहीही न करता कमी होत जाणार. आणि ती दुपारी चार्ज झाली तर तो आजच कमी आहे. तेवीस किलोचं गणित सरासरी विजेचं, दुपारच्या उन्हाच्या विजेचं नाही. घरावर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं तर ‘पीएम सूर्यघर’मधून ७८ हजारांचं अनुदान मिळतं आणि महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट निघतात. घर आणि गाडी दोन्ही त्यात बसतात. पण ते बंगलेवाल्याचं झालं.

घाटाचा एक मुद्दा सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो नाशिककरांच्याच उपयोगाचा आहे. आपण समुद्रसपाटीपासून सहाशेच्या आसपास मीटर उंचीवर आहोत. सोळाशे किलोची गाडी मुंबईहून इथवर नुसती उचलायलाच अडीच युनिट लागतात, पळवायचा खर्च वेगळा. म्हणून मुंबईहून येताना रेंज (एका चार्जवर पळायचं अंतर) घटते आणि नवखा माणूस इगतपुरीला घाबरतो. जाताना मात्र उलट. कसारा घाट उतरताना मोटर जनित्र होते आणि त्यातली बरीच वीज बॅटरीत परत येते. पेट्रोलची गाडी ती सगळी ऊर्जा ब्रेकच्या पॅडमध्ये जाळते. हायब्रीडही वीज परत घेते, पण तिची बॅटरी पाऊण युनिटची, ती घाट संपायच्या आतच भरते, पुढचा उतार तिच्यासाठी फुकट जातो. ही युक्ती काही कॅलिफोर्नियात जन्मली नाही. १९३० च्या सुमारास याच घाटात रेल्वेची विजेवरची ‘खेकडा’ इंजिनं उतरताना तारेत वीज परत देत होती. नाशिकरोडला रेल्वेचा ट्रॅक्शन मोटरचा कारखाना आहे, रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांची प्रशिक्षण संस्था आहे. विजेच्या मोटरला या गावाने बुजायचं काही कारण नाही.

रेंजच्या दाव्यांवर मात्र हातचं राखूनच विश्वास ठेवा. ४५ युनिटची बॅटरी असलेल्या नेक्सॉनवर ४८९ किलोमीटरचा दावा आहे. चाचणी तशा पद्धतीची, त्यामुळे तो खोटा म्हणता येत नाही. पण सातच्या हिशेबाने ते तीनशे पंधरा होतात. समृद्धीवर १२० ने पळवलीत तर आणखी घटेल, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो. ऐंशीच्या जागी एकशेवीस म्हणजे विरोध सव्वादोनपट. समृद्धीवर विजेच्या कारला टोल माफ आहे, २०२५ च्या राज्य धोरणाने दिलेली ती चांगली सवलत. मात्र घोटीला किंवा पुणे रस्त्यावर शिंदे नाक्याला ‘माझी इलेक्ट्रिक आहे’ म्हणून वाद घालू नका, ते राष्ट्रीय महामार्ग आहेत, तिथे माफी नाही. मी हा वाद रांगेत मागे उभा राहून ऐकलाय.

माझ्या भाच्याची टूरिस्ट गाडी आहे. स्टेशनवरून त्र्यंबक, शिर्डी, वणी. त्याने विचारलं, ‘मामा, इलेक्ट्रिक घेऊ का?’ मी नको म्हटलं. दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटर सहज होतात, आणि भाविकांचा काही भरवसा नाही. त्र्यंबकला दर्शन झालं की म्हणतात, ‘चला, आता भीमाशंकर.’ अशा वेळी गाडीत किती टक्के उरलेत हे बघत बसायचं का? हायब्रीड त्याला फिट बसली असती, शहरातला रखडता प्रवास आणि मधेच लांबची फेरी. पण सात-आठ माणसांची स्ट्राँग हायब्रीड पंचवीस लाखांच्या पुढे जाते. ती फिटेपर्यंत त्याचा मुलगा धंद्याला लागेल. म्हणून तो सीएनजीवर आहे, पंपावर रांगेत उभा राहतो, डिकीत सिलिंडर आहे म्हणून बॅगा कॅरिअरवर बांधतो. टॅक्सीवाल्याला परवडेल अशी सात आसनी हायब्रीड कोणी आणत नाही आणि करही त्याला येऊ देत नाही.

मी स्वतः २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक चालवतो आणि तीच ठेवणार आहे. महिन्याला तीनशे किलोमीटर होतात न होतात. विजेची गाडी घेतली तर वाचतील चौदा-पंधराशे रुपये महिना, आणि वर घालावे लागतील निदान तीन लाख. ते फिटायला सतरा वर्षं, आणि मी सत्तरीकडे आलोय. अडचण एकच, आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या चारचाकींचा ॲव्हरेज सहा-सात टक्के पडेल असं लिहिलंय. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी पाइप आणि सील या पेट्रोलसाठी बनलेलेच नाहीत. माझ्या मेकॅनिकने फ्युएल पाइप बदलून दिला. येवला-चांदवडचा मका आता इथेनॉल होऊन टाकीत जातो याचा शेतकरी म्हणून आनंद आहे, गाडीवाला म्हणून थोडी कुरकुर आहे.

विजेची गाडी घेतली ती माझ्या मुलीने. ती कॉलेजात शिकवते, पाथर्डी फाट्याच्या बाजूला फ्लॅट आहे. रोज तीस किलोमीटर. आणि तिथे जे झालं ते आपल्या लेखात कुठेच नाही. सोसायटीच्या कमिटीने चार्जर लावायला नकार दिला. कारण? आग. एप्रिल २०२२ मध्ये त्याच भागात इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन निघालेल्या कंटेनरला आग लागली होती, चाळीसपैकी वीस स्कूटर जळाल्या, आणि ते चित्र लोकांच्या डोक्यातून गेलेलं नाही. मी सभेला गेलो. त्यांची भीती मी हसण्यावारी नेली नाही. त्या वर्षीच्या आगींनंतरच केंद्राने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ असे दोन टप्प्यांत कडक केले. शिवाय आता बऱ्याच गाड्यांत लोह-फॉस्फेटची बॅटरी येते. तीत निकेल-कोबाल्टपेक्षा वजनाच्या मानाने वीज कमी मावते, पण ती सहजासहजी भडकत नाही, उन्हाळाही जास्त सोसते.

मी त्यांना सांगितलं, आगीची खरी भीती गाडीपेक्षा तुमच्या वायरिंगची आहे. तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेन्शन बोर्ड लोंबकळवून गाडी चार्ज करणं हे धोक्याचं. मीटर रूमपासून वेगळी केबल, वेगळा ब्रेकर आणि नीट अर्थिंग असेल तर चार्जर म्हणजे एका गिझरपेक्षा जास्त काही नाही. मग अर्थिंग तपासायला खाली गेलो तर खड्डा सापडेना. सापडला तो कचऱ्याच्या डब्याखाली, वर्षानुवर्षं त्यात कुणी पाणी टाकलेलं नाही, मीठ-कोळसा कोरडा ठक्क. या अवस्थेत गाडीचा चार्जर स्वतःच वीज घ्यायला नकार देतो, तो शहाणा असतो. लिफ्ट मात्र त्याच अर्थिंगवर रोज वर-खाली चालली होती आणि त्याची भीती कमिटीत कुणालाच नव्हती. आता नवीन खड्डा झालाय. चार्जरचा अर्ज अजून कमिटीच्या फाइलमध्ये आहे. २०२४ च्या केंद्राच्या दुरुस्तीनंतर गाडीसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे, सोसायटीत राहणाऱ्यालाही. अशी जोडणी घेतली तर वरच्या टप्प्याचा फटकाही वाचतो. आपल्या लेखात हे आलं असतं तर चार लोकांच्या कामी आलं असतं.

दरम्यान मुलीने दुसरा रस्ता काढला. तिच्या कॉलेजच्या छपरावर सोलर आहे. दुपारी वर्ग कमी असतात तेव्हा ते जास्तीचं होतं. तिने प्राचार्यांना विनंती करून पार्किंगच्या भिंतीवर साधा पंधरा अँपिअरचा सॉकेट आणि छोटा मीटर बसवून घेतला, पैसे ती भरते. एवढंच. लाखो रुपयांचा फास्ट चार्जर नाही, फीत कापणं नाही. हा सॉकेट तीन किलोवॉट देतो. आठ तासांत चोवीस युनिट, म्हणजे दीडशेहून जास्त किलोमीटर. तिला दिवसाला लागतात पाच. आठवड्यातून दोनदा लावला तरी भागतं. आणखी दोघा सहकाऱ्यांनी त्यावर विजेच्या स्कूटर आणल्या.

म्हणून माझी मागणी मोठ्या चार्जिंग स्टेशनांची नाही. ती महामार्गावर हवीत, भाच्यासारख्यांसाठी, आणि ती धंदा म्हणून कोणीतरी उभी करेलच. शहरात हवेत ते असे साधे, संथ सॉकेट, आणि तेही गाडी दिवसा जिथे उभी असते तिथे. एमआयडीसीने सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांना कामगारांच्या पार्किंगमध्ये ते बसवायला सांगावं. कारखान्यांच्या पत्र्यावर सोलर आहेच, आणि रविवारी तर त्याचं करायचं काय हा त्यांनाही प्रश्न असतो. महापालिकेने नवीन इमारतीला परवानगी देताना पार्किंगपर्यंत केबलचा मार्ग आणि चालू अर्थिंग दोन्ही जागेवर तपासावं. महावितरणने गाडीच्या जोडणीचा अर्ज आणि टीओडी मीटरची सवलत मराठीत एका पानावर छापून बिलासोबत पाठवावी.

आणि सिंहस्थ. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. त्यासाठी शहराबाहेर मोठमोठे वाहनतळ होणार, रस्ते होणार. ते करताना खाली रिकामे पीव्हीसी पाइप टाकून ठेवायला किती खर्च येतो हे कुठल्याही कंत्राटदाराला विचारा. नंतर तेच काम डांबर फोडून करायला किती येतो हेही विचारा. यातले काही वाहनतळ कुंभानंतर बाजार समितीला, आठवडे बाजाराला, बस डेपोला वापरात राहतील, तिथे दिवसा गाड्या उभ्या राहतील. निविदांच्या कागदात ‘रिकामे पाइप, अमुक इंची, अमुक अंतरावर’ एवढी एक ओळ घालायची आहे. आपल्या प्रतिनिधीने महापालिकेच्या विद्युत विभागात जाऊन ती ओळ घातली आहे का, एवढं विचारून छापावं.

आपला,
एक निवृत्त पाळी अभियंता
जेल रोड, नाशिकरोड